गोलरक्षकाची भाषा आणि मंत्र्याची भाषा

१. प्रश्न

व्यवसाय बदलला की माणसाची बोलण्याची रीतही बदलते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. वकिलाची भाषा, वैद्याची भाषा, बाजारातील दलालाची भाषा यांचे वेगळेपण आपण नेहमी अनुभवतो, आणि त्यांच्या शब्दसंग्रहांच्या याद्याही आपण करीत आलो आहोत. परंतु एकाच मनुष्याने एका आयुष्यात परस्परांहून अगदी भिन्न असे दोन व्यवसाय केले, तर पहिल्यातील कोणती गोष्ट दुसऱ्यात उतरते आणि कोणती मागे राहते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. एखादा खेळाडू राजकारणात शिरला म्हणजे ‘लोकप्रियतेच्या बळावर निवडून आला’ एवढे म्हणून आपण विषय संपवितो. लोकप्रियतेने निवडणूक जिंकता येते हे खरे. पण निवडून आल्यावर त्या माणसास सभागृहात उभे राहून बोलावे लागते, मत द्यावे लागते, प्रसंगी एखादे खाते चालवावे लागते. तेथे त्याच्या हाती कोणती शिदोरी असते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. कॅनडातील केन ड्रायडन (१९४७–२०२५) हे बर्फावरील हॉकीच्या इतिहासातील अग्रगण्य गोलरक्षकांपैकी एक. पुढे ते लेखक झाले, लोकसभेचे सदस्य झाले आणि सुमारे दीड वर्ष केंद्रीय मंत्री होते. हे उदाहरण निवडण्याची कारणे दोन. एक म्हणजे, त्यांचे दोन्ही व्यवसाय द्विभाषिक वातावरणात घडले. दुसरे असे की, मंत्री म्हणून त्यांनी जे काम हाती घेतले, त्याच्या यशापयशात शब्दांच्या निवडीचा आणि वचनाच्या स्वरूपाचा वाटा मोठा होता.

२. खेळ आणि त्यातील मौन

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानावरची हॉकी डोळ्यांपुढे येते. कॅनडात विशेषणाशिवाय ‘हॉकी’ म्हटले तर बर्फावरचीच हॉकी समजली जाते. आपल्या हॉकीस तेथे ‘फील्ड’ हे विशेषण लावावे लागते. विशेषण कोणास लावावे लागते, यावरून त्या समाजात खोड कोणते आणि फांदी कोणती, हे सहज ओळखता येते.

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक सामने २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या अंगणात होतात. चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची कठीण रबराची चकती असते; तिचा व्यास ३ इंच व जाडी १ इंच. प्रत्येक बाजूस एका वेळी सहा खेळाडू असतात. त्यांपैकी पाच जण थोडा वेळ, बहुधा मिनिटभरदेखील नाही, पूर्ण वेगाने खेळतात, बाकावर परततात आणि त्यांच्या जागी नवे येतात. सहावा जो गोलरक्षक, तो मात्र सहसा संपूर्ण साठ मिनिटे आपल्या ६ फूट रुंद व ४ फूट उंच चौकटीपुढे उभा असतो. खेळाचा आरंभ त्याच्या हाती नसतो. जे घडत येते त्याला त्याने उत्तर द्यावयाचे असते. म्हणून त्याचा बहुतेक वेळ पाहण्यात जातो.

या जागेसंबंधी एक नियम भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. संघनायकास पंचाशी बोलण्याचा, निर्णयाचा खुलासा मागण्याचा अधिकार असतो. चाळीसच्या दशकात माँट्रियलचे गोलरक्षक बिल डर्नन हे संघनायकही होते, आणि ते चौकट सोडून पंचाकडे वारंवार जात. त्यात खेळ खोळंबतो अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. १९४८ च्या सुमारास नियम झाला की गोलरक्षकास नायकाचे हे अधिकार वापरता येणार नाहीत. म्हणजे मैदानावर जो सर्वांत अधिक काळ असतो आणि सर्वांत अधिक पाहतो, त्यालाच अधिकृतपणे बोलण्याची मुभा नाही. ड्रायडन यांचा पहिला व्यवसाय हा असा नियमाने मौनाचा होता. दुसरा व्यवसाय मात्र निव्वळ बोलण्याचा. त्यांच्या आयुष्याची ही दोन टोके ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

३. कारकीर्द

ड्रायडन यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४७ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील हॅमिल्टन येथे झाला; बालपण टोरोंटोच्या उपनगरात गेले. थोरले बंधू डेव्ह हेही पुढे व्यावसायिक गोलरक्षक झाले. वडील मरे ड्रायडन यांचे नाव महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाही. परंतु रस्त्यावर झोपणाऱ्या मुलांना अंथरूण-पांघरूण पुरविण्यासाठी त्यांनी पत्नीसह १९७० साली जी सेवासंस्था काढली, तिचे पहिले वाटप पुण्यात झाले. मुलांच्या संगोपनाचा विषय या घरात असा आधीपासूनच होता.

१९६४ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत ड्रायडन यांचे नाव बॉस्टनने घेतले व लगेच ते हक्क माँट्रियलकडे गेले. पण त्यांनी खेळाआधी शिक्षण निवडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात इतिहास हा विषय घेऊन ते १९६९ साली पदवीधर झाले. त्या काळात १९६७ चे महाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यांच्या संघाने मिळविले. पुढे माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असतानाच त्यांचे व्यावसायिक पदार्पण झाले. मार्च १९७१ मध्ये ते माँट्रियल कॅनेडियन्स संघाकडून प्रथम उभे राहिले. नियमित हंगामातील अवघे सहा सामने त्यांच्या वाट्यास आले, ते सहाही संघाने जिंकले. त्यानंतरच्या बाद फेरीत त्यांनी बलाढ्य बॉस्टनला सात सामन्यांच्या झुंजीत रोखले, आणि शेवटी शिकागोविरुद्ध स्टॅन्ली चषक जिंकून देऊन बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक पटकाविले. सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचे पारितोषिक त्यांना पुढील वर्षी, म्हणजे १९७२ साली मिळाले. नवोदित ठरण्याआधीच सर्वोत्कृष्ट ठरण्याचा हा योग विरळाच.

१९७२ च्या सप्टेंबरात कॅनडा व सोव्हिएट संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. आपले व्यावसायिक खेळाडू जगात अजिंक्य आहेत, अशी कॅनडाची श्रद्धा होती. माँट्रियलमधील पहिल्याच सामन्यात सोव्हिएट संघाने ७–३ असा विजय मिळविला, तेव्हा कॅनडाच्या चौकटीत ड्रायडन उभे होते. मॉस्कोतील शेवटच्या सामन्यातही तेच होते. अवघे ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसन यांनी केलेल्या गोलाने तो सामना ६–५ आणि मालिका चार विरुद्ध तीन अशी कॅनडाने जिंकली. समोरच्या चौकटीत व्लादिस्लाव त्रेत्याक होते. योगायोग असा की, हे दोघेही पुढे विधिमंडळाचे सदस्य झाले: त्रेत्याक २००३ साली रशियाच्या ड्यूमावर निवडून आले, ड्रायडन २००४ साली कॅनडाच्या लोकसभेवर.

कारकीर्द ऐन भरात असताना ड्रायडन यांनी १९७३–७४ चा संपूर्ण हंगाम सोडून दिला. वेतनाविषयी संघाशी एकमत झाले नाही, तेव्हा त्यांनी टोरोंटोतील एका वकिली कचेरीत उमेदवारी करून वकिलीसाठी आवश्यक ती अट पुरी केली. पुढच्या हंगामात ते परतले आणि १९७६ ते १९७९ अशी ओळीने चार वर्षे संघाने चषक जिंकला. १९७९ साली, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्यांनी निवृत्ती पत्करली. नियमित हंगामांतील ३९७ सामने. त्यांत २५८ विजय, ५७ पराभव व ७४ बरोबरी. सहा स्टॅन्ली चषक. हा त्यांचा हिशेब. जितके सामने हरले त्यांहून थोडेच कमी, म्हणजे ४६ सामने, त्यांनी एकही गोल होऊ न देता संपविले.

४. दोन भाषांचे नगर

या कारकिर्दीचे स्थळ माँट्रियल होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने गौण नाही. क्युबेक प्रांत फ्रेंचभाषिक बहुसंख्येचा; पण माँट्रियलच्या व्यापार-उद्योगात इंग्रजीचे वर्चस्व दीर्घकाळ होते. कॅनेडियन्स हा संघ फ्रेंचभाषिकांच्या अभिमानाचे स्थान. १९५५ च्या मार्चमध्ये संघाचा तारा मॉरिस रिशार यांना हंगामाच्या उरलेल्या काळासाठी बंदी घालण्यात आली, तेव्हा शहरात दंगल उसळली. इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्याने फ्रेंच बोलणाऱ्या वीराचा अपमान केला, अशी ती भावना होती.

ड्रायडन तेथे खेळले तो काळ भाषिक संघर्षाच्या कळसाचा. १९६९ साली कॅनडाच्या केंद्रीय कायद्याने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषा झाल्या. १९७६ च्या नोव्हेंबरात क्युबेकच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा पार्ती केबेक्वा हा पक्ष प्रांतात सत्तेवर आला, आणि १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद म्हणून ओळखला जाणारा कायदा संमत होऊन कारभार, शिक्षण व कामकाज यांत फ्रेंचला अग्रस्थान मिळाले. गी लाफ्लर, इव्हाँ कुर्नुआये, झाक लमेर हे फ्रेंचभाषिक आणि ड्रायडन, लॅरी रॉबिन्सन, बॉब गेनी हे इंग्रजीभाषिक एकाच खोलीत पोशाख करीत, एकाच संघासाठी झटत. प्रशिक्षक स्कॉटी बोमन स्वतः माँट्रियलच्या परिसरातील असून दोन्ही भाषांत वावरणारे होते. देशाच्या राजकारणात जो प्रश्न तडीस जात नव्हता, तो या खोलीत रोजच्या व्यवहारापुरता का होईना, सुटत होता. तेथील नाते भाषेच्या एकतेवर उभे नव्हते. सामायिक कामावर उभे होते.

खेळाच्या परिभाषेतही हा द्विभाषिक संसार दिसतो. ‘पक’ला क्युबेकमध्ये ‘रोंदेल’ म्हणतात; फ्रान्समध्ये त्याच वस्तूस ‘पाले’ म्हणतात. गोलरक्षकास फ्रेंचमध्ये ‘गार्दियँ द ब्युत’ म्हणतात. यातील ‘गार्दियँ’ ज्या क्रियापदापासून आला, त्या ‘गार्दे’ म्हणजे राखणे, सांभाळणे या क्रियापदापासूनच ‘गार्देरी’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ लहान मुलांना दिवसा सांभाळण्याची जागा असा आहे. इंग्रजीत गोलरक्षकास ‘गोलटेंडर’ असेही नाव आहे. त्यातील ‘टेंड’ म्हणजे सांभाळणे, निगा राखणे. हे क्रियापद ‘अटेंड’चे आखूड रूप असून त्याच्या मुळाशी ‘लक्ष देणे’ हा अर्थ आहे. व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, आणि शब्द सगोत्र आहेत म्हणून माणसाचे चरित्र त्यांच्यामागे चालत जाते असेही नाही. तरीपण चौकट राखणारा मनुष्य पुढे मुले राखण्याच्या योजनेचा मंत्री झाला, तेव्हा फ्रेंच भाषेला नवे क्रियापद शोधावे लागले नाही, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

५. पाहणारा लेखक

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, १९८३ साली, ड्रायडन यांचे ‘द गेम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेवटच्या हंगामातील थोड्या दिवसांच्या चौकटीत त्यांनी सहकाऱ्यांचे, प्रवासाचे, कंटाळ्याचे, कीर्तीचे आणि माँट्रियलचे वर्णन केले. खेळाडूंच्या आत्मचरित्रांत पराक्रमांची जंत्री असते. येथे मात्र निरीक्षणाला अग्रस्थान आहे. सामन्यात खेळ दूरच्या टोकास असला की ड्रायडन काठीच्या टोकावर हात व हातांवर हनुवटी टेकून पाहत उभे राहत. त्यांची ही मुद्रा कॅनडात सर्वांच्या परिचयाची झाली. पुस्तकातील निवेदकाची भूमिका नेमकी तीच आहे.

पुढील पुस्तकांतही ही पद्धत कायम राहिली. १९९३ साली त्यांनी एका सामान्य, अप्रसिद्ध नोकरदार माणसाच्या आयुष्यावर सबंध ग्रंथ लिहिला. १९९५ चे ‘इन स्कूल’ लिहिण्यासाठी ते एका माध्यमिक शाळेच्या वर्गात दीर्घकाळ मागच्या बाजूस बसून शिक्षक व विद्यार्थी यांचे निरीक्षण करीत राहिले. २०१७ साली खेळातील मेंदूच्या दुखापतींवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि आपल्याच खेळाच्या चालकांकडे नियम बदलण्याची मागणी केली. आधी पुष्कळ पाहावे, मग सविस्तर सांगावे, ही त्यांची वाङ्मयीन रीत होती. भाषाशास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर त्यांची उक्ती दीर्घ पल्ल्याची होती: पार्श्वभूमी, अपवाद, उदाहरण आणि शेवटी विधान. या रीतीचे राजकारणात काय झाले, ते आता पाहावयाचे आहे.

६. खेळाडू-सभासदांची परंपरा

हॉकीतून संसदेत जाणारे ड्रायडन पहिले नव्हेत. बको मॅक्डोनल्ड १९४५ साली, लायनल कोनॅचर १९४९ साली लोकसभेवर निवडून आले. हॉवी मीकर हे १९५१ सालच्या पोटनिवडणुकीत निवडून आले, तेव्हा ते टोरोंटोकडून खेळतच होते. रेड केली यांचे उदाहरण तर अधिकच ठळक आहे. १९६२ ते १९६५ या काळात ते टोरोंटो संघाचे खेळाडू व लिबरल पक्षाचे लोकसभा सदस्य अशी दोन्ही कामे एकाच वेळी करीत होते; त्या काळात संघाने दोन वेळा चषक जिंकला. पुढे फ्रँक महोव्हलिच १९९८ मध्ये सेनेटवर नियुक्त झाले. ती जागा मात्र निवडणुकीची नव्हे, नेमणुकीची.

केली आणि ड्रायडन यांच्यातील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. केली यांची कीर्ती ताजी होती. शनिवारी ज्याला बर्फावर पाहिले, त्यालाच मतदारांनी दिल्लीसारख्या दूरच्या नव्हे, रात्रीच्या गाडीच्या अंतरावरील राजधानीत धाडले. ड्रायडन लोकसभेत आले ते खेळ सोडल्यानंतर पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात ते ऑन्टॅरिओ सरकारचे युवक आयुक्त होते, दूरचित्रवाणीवरील समालोचक होते आणि १९९७ पासून टोरोंटो मेपल लीफ्स या संघाचे अध्यक्ष होते. २००४ च्या जूनमध्ये यॉर्क सेंटर मतदारसंघातून लिबरल पक्षाच्या वतीने ते निवडून आले, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष खेळताना न पाहिलेली एक पिढीच मतदार झाली होती. त्यांच्या पाठीशी खेळाच्या आठवणीइतकाच लेखक म्हणून मिळालेला विश्वासही होता.

कॅनडाच्या राजकीय इंग्रजीत हॉकीची रूपके भरपूर आहेत. अवघड प्रश्नातून कौशल्याने वाट काढण्यास ‘स्टिकहँडल’ करणे म्हणतात. वेळकाढूपणा करण्यास चकती नुसती खेळवीत ठेवणे म्हणतात. भांडणास सज्ज होण्यास हातमोजे टाकणे म्हणतात. २०२५ साली अमेरिकेशी जकातीवरून तेढ वाढली, तेव्हा गॉर्डी हाउ या खेळाडूच्या आठवणीने ‘कोपरे वर’ ही घोषणाच देशभर झाली. ही सर्व रूपके चाल करणाऱ्याची किंवा धक्का देणाऱ्याची आहेत. चौकटीत उभे राहून वाट पाहणाऱ्याची नाहीत.

ड्रायडन यांची अडचण येथेच होती. कॅनडाच्या लोकसभेतील प्रश्नोत्तरांच्या तासात प्रश्नास ३५ सेकंद व उत्तरास ३५ सेकंद अशी प्रथा आहे. १९५९ पासून तेथे तत्काळ भाषांतराची सोय असल्याने प्रत्येक वाक्य दुसऱ्या राजभाषेतही त्याच क्षणी उतरत असते. लांब, उपवाक्यांनी गुंफलेले वाक्य भाषांतरकाराच्या हातून निसटण्याचा संभव अधिक. अशा ठिकाणी पार्श्वभूमीपासून आरंभ करणाऱ्या वक्त्याची वेळ विधानापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. त्यांची भाषणे लांबतात, अशी टीका होत असे. २००६ साली त्यांनी पक्षाच्या नेतृत्वाची निवडणूक लढविली. पहिल्या फेरीत ते आठ उमेदवारांत पाचवे राहिले. लोकांना त्यांच्याविषयी आदर होता. पण आदर आणि मत ही दोन निराळी चलने आहेत.

७. एका नावाचा वाद

जुलै २००४ मध्ये पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी ड्रायडन यांच्याकडे सामाजिक विकास हे खाते सोपविले. लहान मुलांच्या संगोपनाची देशव्यापी व्यवस्था उभारणे हे त्यांचे मुख्य काम. क्युबेकने १९९७ साली दिवसाला ५ डॉलर शुल्काची व्यवस्था आपल्या प्रांतापुरती सुरू केली होती. इतर प्रांतांत असे काही नव्हते. शिक्षण व समाजकल्याण हे प्रांतांचे अधिकारक्षेत्र असल्याने केंद्राला पैसा देता येई, पण व्यवस्था चालविता येत नसे. म्हणून एकेका प्रांताशी बोलणी करावयाची होती. केंद्राने पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलर देऊ केले. २००५ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दहाही प्रांतांशी तत्त्वतः करार झाले. वेगवेगळ्या पक्षांची दहा सरकारे एका योजनेस राजी करणे हे धीराचे, ऐकून घेण्याचे काम होते. पस्तीस सेकंदांच्या सभागृहात जी रीत तोकडी पडली, ती वाटाघाटींच्या खोलीत उपयोगी पडली.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील रूढ शब्द होता ‘डे केअर’, म्हणजे दिवसाची देखभाल. या शब्दाचा केंद्रबिंदू आईबापांच्या कामाचे तास हा आहे. मूल तेथे ठेवण्याची वस्तू ठरते. सरकारने ‘अर्ली लर्निंग अँड चाइल्ड केअर’, म्हणजे आरंभीचे शिक्षण व बालसंगोपन, असे जोडनाव वापरले. यात केंद्रबिंदू मूल हा झाला, आणि शिक्षण हा शब्द पुढे आल्याने त्यावरचा खर्च शाळेवरील खर्चाच्या रांगेत जाऊन बसला. मराठी वाचकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पाळणाघर’ आणि ‘बालवाडी’ या दोन शब्दांतील अंतर नेमके हेच आहे. पाळणाघराचे शुल्क ही ज्याची त्याची खाजगी बाब वाटते. बालवाडी समाजाची वाटते.

विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने याला तिसरा शब्द दिला: ‘चॉइस’, म्हणजे निवड. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दरमहा १०० डॉलर थेट आईबापांना द्यावे, त्यांनी ते हवे तसे खर्चावे, अशी ही योजना. येथे केंद्रबिंदू मूलही नाही आणि कामाचे तासही नाहीत. निर्णय घेणारे पालक हा आहे. या शब्दाचे बळ असे की त्याला विरोध करणे म्हणजे पालकांवर अविश्वास दाखविणे असे वाटू लागते. २००५ च्या डिसेंबरात, निवडणुकीच्या धामधुमीत, लिबरल पक्षाच्या एका प्रवक्त्याने हे पैसे पालक बिअर आणि पॉपकॉर्नवर उडवतील अशा आशयाचे विधान केले, आणि तो अविश्वास जणू कबूल करून टाकला. वर्षभर जपून जुळविलेल्या परिभाषेचे जे नुकसान विरोधकांना करता आले नव्हते, ते या दोन खाद्यपेयांच्या नावांनी केले.

जानेवारी २००६ च्या निवडणुकीत सरकार पडले. ड्रायडन स्वतः निवडून आले, पण मंत्रिपद गेले. स्टीफन हार्पर यांच्या नव्या सरकारने करार एका वर्षाच्या पूर्वसूचनेने संपविले आणि दरमहा १०० डॉलरांची योजना सुरू केली.

८. वचन, करार, कायदा

हे करार इतक्या सहज का मोडले, याचे उत्तर काही अंशी भाषिक आहे. काही उक्ती केवळ माहिती देत नाहीत. त्या उच्चारल्या की एक कृती घडते. ‘मी वचन देतो’ हे वाक्य वचनाचे वर्णन नव्हे, तेच वचन. अशा उक्तींची बंधनशक्ती मात्र सारखी नसते. निवडणुकीतील आश्वासन बोलणाऱ्याच्या इच्छेपुरते टिकते. दोन सरकारांमधील करार, ती सरकारे तो मानतील तोवर टिकतो. आणि ज्या करारात एका वर्षाच्या सूचनेने बाहेर पडण्याचे कलम असते, त्याने आपल्या मरणाची वाट स्वतःच आखून ठेवलेली असते. कायदा मात्र मोडावयाचा तर सभागृहात उघडपणे, कारणे देऊन, मतदानाने मोडावा लागतो. ड्रायडन यांनी मिळविले ते मधल्या पायरीवरचे होते. अल्पमतातील सरकारात त्याहून वर चढण्यास अवधी मिळाला नाही.

२०११ च्या मे महिन्यात ड्रायडन यांचा मतदारसंघात पराभव झाला आणि त्यांचे संसदीय जीवन संपले. विषय मात्र संपला नाही. २०२१ च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी सुमारे ३० अब्ज डॉलरांची तरतूद केली व दिवसाला सरासरी १० डॉलर शुल्काचे उद्दिष्ट ठेवले. पुन्हा एकेका प्रांताशी करार झाले. योजनेच्या नावात तेच जोडनाव होते: आरंभीचे शिक्षण व बालसंगोपन. आणि २०२४ साली, केंद्राची या कामाशी असलेली दीर्घकालीन बांधिलकी संसदेने कायद्यात नमूद केली. सुमारे अठरा वर्षांपूर्वी जी पायरी राहून गेली होती, ती चढली गेली. ५ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ड्रायडन यांचे निधन झाले. हा कायदा त्यांच्या हयातीत झाला.

९. निष्कर्ष

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. खेळातून राजकारणात उतरते ते केवळ नाव, ही समजूत अपुरी आहे. नाव दारापर्यंत नेते. दाराच्या आत उपयोगी पडते ती व्यवसायाने अंगी बाणलेली रीत, आणि तीही सर्व दालनांत सारखी उपयोगी पडत नाही. गोलरक्षकाच्या जागेने ड्रायडन यांना पाहण्याची, थांबण्याची, घडत येणाऱ्याचा अंदाज घेण्याची सवय लावली. द्विभाषिक संघाने भाषा वेगळी असूनही काम एक असू शकते हे शिकविले. ग्रंथलेखनात आणि प्रांतांशी केलेल्या वाटाघाटींत ही शिदोरी पुरली. प्रश्नोत्तरांच्या तासात आणि नेतृत्वाच्या स्पर्धेत ती पुरली नाही, कारण तेथील भाषेचा घाट निराळा होता.

आणखी एक गोष्ट या उदाहरणावरून ध्यानात येते. २००६ साली योजना गेली, तरी तिच्यासाठी घडविलेले नाव टिकले. आणि पंधरा वर्षांनी योजना परतली तेव्हा ती त्याच नावाखाली परतली. मधल्या काळात या विषयावर बोलणाऱ्यांना मूल केंद्रस्थानी ठेवून बोलण्याची सवय त्या नावाने लावून ठेवली होती. सार्वजनिक धोरणांच्या इतिहासात रकमा आणि तारखा यांची नोंद होते. संज्ञांची नोंद क्वचितच होते. हे काम भाषेच्या अभ्यासकांनी करण्याजोगे आहे. आपल्याकडेही ‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’, ‘पाळणाघर’ या शब्दांमागे कोणाचा पैसा, कोणाचे श्रम आणि कोणाचा हक्क गृहीत धरला जातो, याचा असाच शोध घेता येईल.